वहीत नाव हवं

फौजेत भांडाराची मोजदाद करताना एक नियम असे: वहीत नोंद नसेल, तर वस्तू नाहीच. कलासंग्रहालाही तोच लागू पडतो.

भोपाळचं भारत भवन घ्या. चार्ल्स कोरिया यांनी रचलेली ही वास्तू १९८२ मध्ये खुली झाली. तिथल्या 'रूपंकर' संग्रहालयासाठी चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी तरुण कलाकारांच्या तुकड्या मध्य प्रदेशच्या खेड्यापाड्यांत पाठवल्या. पाटणगढच्या भिंतींवर त्यांना जनगढसिंह श्याम यांची चित्रं दिसली. भूरीबाई तर भारत भवनाच्याच बांधकामावर मजुरी करत होत्या. स्वामीनाथन यांनी त्यांना चित्रं काढायला लावलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

आता विचार करा, वहीत नुसतं 'गोंड चित्र', 'भिल्ल चित्र' एवढंच लिहिलं असतं तर? माणूसच पुसला गेला असता. शहरी चित्रकाराचं नाव लिहायचं आणि आदिवासी चित्रकाराची फक्त जमात, हा भेदभाव वहीच्या रकान्यातच सुरू होतो.

म्हणून प्रत्येक कलाकृतीला दाखल क्रमांक हवा. त्यापुढे कलाकाराचं नाव, गाव, माध्यम, मापं, तारीख, दिलेला मोबदला, आजची अवस्था आणि फोटो. प्रदर्शनासाठी बाहेर गेली, की तीही नोंद. आणि ठरावीक काळानं वही हातात घेऊन प्रत्यक्ष मोजणी.

तुमच्या शहरातल्या सरकारी कलादालनात जा. पाटीवर नाव नसेल, तर विचारा: हे कुणी काढलं? पैसा आपला आहे. विचारायचा हक्कही आपलाच. जय हिंद.