पडद्याआडचीं मुलें

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त शाळेच्या मुलांनीं केलेल्या नाट्यप्रयोगापूर्वीं, शनिवारीं सायंकाळीं केलेलें भाषण)

प्रिय बंधुभगिनींनो, आणि हा फादर केव्हां एकदां खालीं बसतो याची पडद्याआडून वाट पाहणाऱ्या माझ्या बालमित्रांनो,

महोत्सव समितीनें मला चार शब्द बोलावयास सांगितलें आहे. धर्मगुरूच्या चार शब्दांसाठीं चारशेंची तयारी ठेवावी लागते, हें आपणांस अनुभवानें ठाऊक आहेच. आज मी प्रवचन करणार नाहीं. मला आपणांजवळ एक मागणें मागावयाचें आहे. परंतु तें कां मागतों हें आधीं सांगितलें पाहिजे.

ज्यांचे केस माझ्यासारखे पिकले आहेत त्यांना आपल्या वसईंतला जुना शनिवार आठवत असेल. वाडींतल्या केळींना पाणी सोडून झालें, दादरच्या बाजारांतून रिकाम्या टोपल्या घेऊन मंडळी परतली, म्हणजे चर्चच्या अंगणांत रॉकेलच्या पिंपांवर फळ्या पडत. घरोघरच्या चादरी जोडून पडदा होई. वीज गेली कीं पेट्रोमॅक्सची बत्ती येई, आणि मध्येंच तिचा उजेड मंदावला कीं कोणी तरी धांवत जाऊन तींत हवा भरी. तेवढा वेळ हेरोद राजा तलवार उगारलेल्या स्थितींत तसाच थांबे. नाटक करणारे आणि नाटक पाहणारे असे दोन वर्ग तेव्हां नव्हते. यंदा जो देवदूत झाला तो पुढच्या वर्षीं प्रेक्षकांत बसून नव्या देवदूताच्या चुका मोजी.

आजचा शनिवार कसा जातो, हें मीं सांगावयास नको. एका घरांत चार माणसें, आणि चौघांच्या हातांत चार पडदे. त्या यंत्राला शिव्या देण्यासाठीं मी येथें उभा नाहीं. माझ्याही खिशांत एक आहे, आणि तें आत्तां वाजूं नये अशी प्रार्थना करूनच मी व्यासपीठावर चढलों. परंतु मुलांच्या हातांतून तें हिसकावून घेऊन कांहींच साधत नाहीं, हें ज्यांनीं हिसकावून पाहिलें आहे ते आईबाप मला सांगतात. एक वस्तु काढून घ्यावयाची असेल तर दुसरी द्यावी लागते.

हें तत्त्व आपल्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या उगमापाशींच लिहिलेलें आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे येशूसंघीय धर्मगुरु १५७९ सालीं गोव्यास आले आणि पुढें साष्टींत राहिले. त्यांच्या ख्रिस्तपुराणाच्या आरंभीं एक ब्राह्मण त्यांना विचारतो कीं, पूर्वींचीं पुराणें आम्हांस वर्ज्य झालीं, तर त्यांच्या जागीं वाचावयास दुसरें पुराण आम्हांस कां देत नाहीं? प्रश्न अडचणीचा होता. फादरांनीं त्या माणसाला दटावलें नाहीं; त्यांनीं दहा हजारांहून अधिक ओव्या रचल्या. १६१६ सालीं तें पुराण रायतूर येथें छापून निघालें आणि रविवारीं व सणावारीं चर्चमध्यें गाइलें जाऊं लागलें. सर्वांनाच ही समज होती असें मात्र नाहीं. १७३६ सालीं गोव्याच्या इन्क्विझिशननें फर्मान काढून लग्नांतल्या गाण्यांवर आणि कितीएक जुन्या रीतींवर बंदी घातली. लोकांच्या हातीं त्या बदल्यांत कांहीं ठेवलें नाहीं. आपल्या इतिहासांत हीं दोन्हीं उदाहरणें आहेत, आणि कोणतें गिरवावयाचें हें आपल्याकडे आहे.

परंतु शाळेची मुलें, रविवारची सुटी आणि नाटक या तिहींची सांगड ज्यांनीं घातली त्यांचें नांव घ्यावयाचें तर संत जॉन बोस्को यांचेंच घेतलें पाहिजे. इटलींतल्या पिएमोंत प्रांतांत बेक्की नांवाच्या वाडीवर, बाप लहानपणींच वारलेला हा शेतकऱ्याचा पोर. जत्रेंत आलेल्या डोंबाऱ्यांचे खेळ तो टक लावून पाही, घरीं येऊन पडतझडत ते शिके, आणि रविवारीं शेजारीपाजारी जमवून दोन झाडांना बांधलेल्या दोरीवर चालून दाखवी. तिकीट एकच असे: आधीं जपमाळ म्हणावयाची आणि सकाळचें प्रवचन त्याच्या तोंडून पुन्हां ऐकावयाचें. धर्मगुरु झाल्यावर तुरिन शहरांत गवंड्यांच्या हाताखालीं राबणारीं, धुराडीं झाडणारीं पोरें त्यांनीं १८४१ पासून सुटीच्या दिवशीं जमविण्यास आरंभ केला. त्या पोरांना कोणी जवळ उभें करीत नसे. हा मेळा कित्येक जागांवरून उठविला गेला. शेवटीं १८४६ च्या ईस्टरला वाल्दोक्को येथील एका छपरींत त्याला ठाव मिळाला. तेथें प्रार्थना होती, अक्षरओळख होती, चेंडू होता, आणि थोड्याच दिवसांत रंगमंचही आला.

१८४९ सालची गोष्ट ऐका. १८५० च्या आरंभापासून त्या राज्यांत दशमान वजनेंमापें लागू व्हावयाचीं होतीं. अडाणी माणूस बाजारांत नाडला जाणार, हें ओळखून बोस्कोंनीं त्या विषयावर एक लहान पुस्तक लिहिलें. आणि तेवढ्यावर न थांबतां त्याच विषयाचे संवाद रचून ते मुलांकडून रंगमंचावर करविले. विचार करा, लिटर आणि किलोग्रॅम यांवर नाटक! लोक पोट धरून हंसले आणि हंसतां हंसतां हिशेब शिकून घरीं गेले. शिक्षणशास्त्रांत मान्यता पावलेले आबे अपोर्ती प्रेक्षकांत बसले होते, आणि त्यांनीं या युक्तीची मुक्तकंठानें प्रशंसा केली. आपल्याकडे १९५७ सालीं नवे पैसे आले आणि पुढल्या वर्षापासून किलोग्रॅम आला. त्या वेळीं असें एखादें नाटक आमच्या आळींत झालें असतें, तर माझी आजी मरेपर्यंत शेर आणि आणे मोजीत राहिली नसती.

१८५८ मध्यें बोस्कोंनीं आपल्या या ‘छोट्या रंगभूमी’साठीं नियम लिहून ठेवले. नाटक बोधपर असावें, पण आनंद देणारें आणि आटोपशीर असावें, कारण लांबलें कीं श्रोते कंटाळतात. (हा नियम भाषणांसही लागू आहे, हें समोरच्या ओळींतल्या चेहऱ्यांवरून मला दिसतें आहे.) भूमिका देतांना चांगल्या वर्तनाच्या मुलांस अग्रमान द्यावा, आणि सर्वांस उत्तेजन यावें म्हणून मधून मधून त्यांच्या जागीं इतरांना घ्यावें. हा शेवटचा नियम मीं सेमिनरींत वाचला होता. वाचला होता, इतकेंच.

पुष्कळ वर्षांपूर्वीं, नुकतीच गुरुदीक्षा झाली असतां, मी एका धर्मग्रामांत साहाय्यक धर्मगुरु होतों. तेथील शाळेच्या मुलांचें नाटक बसविण्याचें काम माझ्याकडे आलें. विषय उधळ्या पुत्राचा. धाकट्या मुलाच्या भूमिकेसाठीं मीं नववींतला एक मुलगा निवडला. घरची फुलांची वाडी. पहांटेच्या गाडीनें बापाबरोबर दादरला टोपल्या पोंचवून मग शाळेंत येणारा. तालीम त्यानें एकदांही चुकविली नाहीं. आठ दिवसांत स्वतःचीच नव्हे, तर बापाची, थोरल्या भावाची, नोकराची, अशा सगळ्यांच्याच भूमिका त्याला पाठ झाल्या. डुकरांपुढच्या शेंगांकडे पाहून तो उपाशी पोर रडे, तेव्हां तालमींतलीं दुसरीं पोरें हंसावयाचें विसरत.

दोष म्हणाल तर एकच होता. त्याची जीभ घरची होती. कादोडी बोलींत वाढलेलें पोर तें. भाषण रंगांत आलें कीं पुस्तकांतले शब्द मागें पडत आणि आईचे शब्द बाहेर येत. नाटक आंतरशालेय स्पर्धेस जावयाचें होतें, आणि परीक्षक शहरांतून येणार होते. प्रयोगास एक आठवडा उरला असतां मीं ती भूमिका त्याच्याकडून काढून, ज्याची वाणी स्वच्छ होती अशा दुसऱ्या मुलास दिली, आणि याला पडदा ओढावयास ठेवलें. पडदा ओढणें हेंही महत्त्वाचें काम आहे, असें मीं त्यास सांगितलें. तें खोटें नव्हतें. परंतु तें खरें आहे म्हणून मीं सांगितलें नव्हतें.

पोलंडांतील वादोवित्से गांवच्या शाळेंत कारोल वोयतिला नांवाचा एक विद्यार्थी होता. स्लोवाट्स्की या कवीचें ‘बालादिना’ नाटक बसत असतां एक नट ऐन वेळीं गळाला, तेव्हां कारोलनें आपल्या भूमिकेबरोबर त्याचीही भूमिका करून वेळ निभावली, कारण ती त्याला पाठ होती. पुढें १९४१ मध्यें, नाझी अमलाखालीं जीव धोक्यांत घालून, क्राकुव शहरांत खासगी घरांतून चोरून नाटकें करणाऱ्या मंडळींत तो होता. आपण त्यांना संत पोप दुसरे जॉन पॉल म्हणून ओळखतों. माझा मुलगा पोप झाला असता असें माझें म्हणणें नाहीं. परंतु एकाला ऐन वेळीं दुसरी भूमिका मिळाली, आणि एकाची ऐन वेळीं होती तीही गेली.

आम्हांस दुसरें बक्षीस मिळालें. तें बक्षीस आतां कोणत्या कपाटांत आहे, मला सांगतां येणार नाहीं. त्या मुलानें दोन्ही प्रयोगांत पडदा अगदीं वेळेवर ओढला. त्यानंतर तो नाटकाकडे फिरकला नाहीं. मग गायकवृंदांत येईनासा झाला. दहावीनंतर चर्चच्या कोणत्याच कामांत दिसला नाहीं. पुष्कळ वर्षांनीं स्टेशनवर आमची गांठ पडली. टोपल्या होत्या, बाप नव्हता. त्यानें आदरानें ‘जय येशू’ म्हटलें, माझ्या प्रकृतीची चौकशी केली, आणि गाडी फलाटांत शिरतां शिरतां म्हणाला, “फादर, पडदा तरी नीट ओढला होता ना मीं?” मी हंसलों. त्याची क्षमा मागावयाची ती वेळ होती. गाडी आली आणि तो गेला. आणि खरें सांगावयाचें तर गाडी आली म्हणून त्या क्षणीं मला बरें वाटलें.

आजचें नाटक रूथच्या ग्रंथावर रचलेलें आहे. यांत नाओमी आणि बवाजाच्या शेतांत सरवा वेंचणाऱ्या बायका आपल्या घरच्या बोलींत बोलणार आहेत. बाहेरून पाहुणे आले आहेत, त्यांना समजेल काय, असें मला दोघांतिघांनीं विचारलें. थोडें कमी समजेल. बेथलेहेमांत आलेल्या मवाबी रूथलाही पहिल्या दिवशीं सगळें समजलें असेल असें मला वाटत नाहीं. येशूसंघाच्या १५९९ च्या शिक्षणनियमांत शाळेचें नाटक लॅटिन भाषेंत असावें आणि त्यांत स्त्रीपात्र नसावें असें लिहिलेलें होतें. तरी त्या शाळांतून काल्देरोन आणि मोलिएर यांच्यासारखे नाटककार बाहेर पडले. आम्हां सेमिनरींतल्या विद्यार्थ्यांना स्त्रीपात्रावांचून गत्यंतर नव्हतें, आणि मुली तर नव्हत्या. त्यामुळें एकदां हीच नाओमी माझ्या वांट्यास आली होती. दुसऱ्या अंकांत निऱ्या सुटल्या. आज आपल्या मुलीच या भूमिका करीत आहेत, तेव्हां तसा प्रसंग येऊं नये.

आतां माझें मागणें. छपराच्या दुरुस्तीसाठीं पैसा हवा म्हणून हें सभागृह दर शनिवारीं लग्नसमारंभांना भाड्यानें द्यावें, असा ठराव कांहीं वर्षांपूर्वीं झाला, आणि त्यावर सही माझी आहे. छप्पर दुरुस्त झालें. ठराव तसाच राहिला. तालमी वर्गांत बाकें सरकवून होतात, आणि सात वाजले कीं चौकीदार कुलूप हातांत घेऊन दारांत उभा राहतो. आज आपण पाहणार आहां तें नाटक पोरांनीं अशा चोरट्या वेळांत बसविलें आहे. भाडें सर्वस्वीं सोडा असें मी म्हणत नाहीं, विजेचें बिल मलाच भरावें लागतें. परंतु उपवासकाळांत आपल्याकडे लग्नें लागत नाहींत. राखेच्या बुधवारापासून झावळ्यांच्या रविवारापर्यंत सहा शनिवार सभागृह रिकामें पडतें. आगमनकाळाचेही शनिवार तसेच. ते मुलांना द्या. सहा शनिवारांत प्रभूच्या दुःखसहनाचें नाटक बसतें, आगमनकाळांत ख्रिस्तजन्माचें. दहावीच्या मुलांना मी हात लावणार नाहीं. त्यांची परीक्षा त्यांना लखलाभ होवो. आठवी-नववीचीं पुष्कळ आहेत. आणि केवळ मुलें देऊन भागणार नाहीं: सुतार हवे, शिलाईयंत्र चालविणाऱ्या भगिनी हव्या, दिव्यांच्या तारा ज्यांना कळतात ते हवे.

नाटकानें गुण वाढतील काय, असें आईबाप विचारतात. वाढतील असें वचन मीं देत नाहीं. मीं काय पाहिलें तें सांगतों. या तालमींत एक मुलगी होती. वर्गांत नांव विचारलें तरी मान खालीं घालणारी. तिला भूमिका नको होती, म्हणून तिच्या हातीं वही दिली आणि विंगेंत बसविलें. तिसऱ्या आठवड्यांत बवाज आपलें वाक्य विसरला, आणि वहींत न पाहतां तिनें तें त्याला पुरविलें. आज तिच्या हातीं वही नाहीं. ती कोणती भूमिका करते तें आपणच पाहा.

दोन घंटा झाल्या आहेत, आणि तिसरीपूर्वीं मला येथून उतरलें पाहिजे. पडद्याच्या दोरीजवळचा मुलगा केव्हांपासून मला हातानें खुणा करीत आहे. त्याचें नांव कार्यक्रमपत्रिकेंत आहे. तें राहून जाऊं नये म्हणून छपाईपूर्वीं तो कागद मीं स्वतः दोनदां तपासला.