लढाईवाचून ढासळलेली महासत्ता



२५ डिसेंबर १९९१ च्या सायंकाळी क्रेमलिनवरून सोव्हिएत संघाचे लाल निशाण उतरले. ते कोणा विजयी सैन्याने उतरविले नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर चार दशकांहून अधिक काळ जगाला अणुयुद्धाच्या छायेत ठेवणारे वैर संपले, कारण वैरी उरलाच नाही!

हे घडले कसे? १९७९ ते १९८९ या काळात अफगाणिस्तानात सोव्हिएत सेनेची शक्ती व्यर्थ खर्ची पडली. १९८६ साली खनिज तेलाचे भाव कोसळले आणि तिजोरीचा मोठा आधार तुटला. क्षेपणास्त्रांची वाण नव्हती. दुकानांतून मात्र रोजच्या जिनसा मिळेनात. १९५६ साली बुडापेस्टमध्ये आणि १९६८ साली प्रागमध्ये रणगाडे धाडणाऱ्या मॉस्कोने १९८९ साली बर्लिनची भिंत पडताना सैन्य हलविले नाही. धाक सरला, आणि धाकावर उभे असलेले सारेच डळमळले. १ डिसेंबर १९९१ रोजी युक्रेनच्या नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी स्वातंत्र्याचा कौल दिला. ८ डिसेंबरला रशिया, युक्रेन व बेलारूस यांच्या नेत्यांनी सोव्हिएत संघ संपुष्टात आल्याचे जाहीर केले.

परंतु वैरी कोसळला म्हणजे वादही मिटला, असे आम्ही मानीत नाही. १९५४ साली क्रिमिया रशियाकडून युक्रेनकडे सोपविला गेला, तेव्हा ती एकाच राज्यातील कागदावरची रेघ होती. १९९१ साली तीच आंतरराष्ट्रीय सरहद्द झाली. अशी रेघ माणसांच्या आयुष्यात किती खोल उतरते, हे सीमेवर राहणाऱ्या आपणांस सांगावयास नको. १९९४ साली बुडापेस्ट येथे युक्रेनने अण्वस्त्रे सोडण्याचे मान्य केले आणि रशियाने त्याच्या सीमांचा आदर राखण्याचे वचन दिले. ते वचन २०१४ साली क्रिमिया बळकावून मोडले गेले, आणि २०२२ साली सबंध युक्रेनवरच आक्रमण झाले.

याउलट फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी यांच्याकडे पाहा. १९५१ साली त्यांनी शेजारी राष्ट्रांसह कोळसा व पोलाद यांचा कारभार एका सामाईक मंडळाच्या हाती दिला. पिढ्यान्‌पिढ्यांचे ते वैर पुन्हा उठले नाही.

आमचे म्हणणे एवढेच: प्रतिपक्ष थकला म्हणून आलेली शांतता तो सावरेपर्यंतच टिकते. वैर खरोखर संपवावयाचे, तर बलवान पक्षाच्या शब्दावर विसंबून भागत नाही. तो शब्द मोडणे त्याला जड जाईल, अशी व्यवस्था वेळीच उभी करावी लागते. १९९१ नंतर ती उभी राहिली नाही. तिचे मोल आज युक्रेनची सामान्य माणसे मोजीत आहेत.