सव्वा किलोचा लॅपटॉप आणि मी

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या ज्येष्ठ सभासदांच्या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



सोसायटीला २५ वर्षं पूर्ण झाली, त्यानिमित्त प्रत्येक ज्येष्ठाने आपल्या आवडीच्या विषयावर दहा-पंधरा मिनिटं बोलावं, असं कमिटीने ठरवलं. कुणी नर्मदा परिक्रमेवर बोललं, कुणी मधुमेहावर. मी म्हटलं, मी माझ्या लॅपटॉपवर बोलतो. सेक्रेटरी हसले. त्यांना वाटलं, काका गंमत करताहेत. पण नाही, विषय खरंच तोच आहे. हा बघा, सोबत आणलाय. वजन सव्वा किलो. भाजीच्या पिशवीपेक्षा हलका.

आधी एक कबुली देतो. मी १९७४ साली बँकेत लागलो. लेजर, डे-बुक, पितळी टोकन, हे आमचं जग. १९८३ साली संगणकाबद्दल बँकांचा आणि संघटनांचा करार झाला, पाठोपाठ १९८४ मध्ये डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला. तेव्हा ‘संगणक हटाव’च्या घोषणा देत मोर्च्यात जे फिरले, त्यांत मीही होतो. पुढे शाखेत लेजर पोस्टिंगचं मशीन आलं आणि त्याच्यावर पहिला बसवला कुणाला, तर मला! २०१२ मध्ये निवृत्त झालो तेव्हा सगळं कामकाज संगणकावरच होतं. म्हणजे आपल्याला संगणक येतो, असा माझा समज होता. पण ऑफिसात काही अडलं की हाक मारायला मुलं होती. घरी कोण?

घरी जुना डेस्कटॉप होता. चालू केला की चहा करून प्यायचा, मग तो जागा व्हायचा. पंखा असा आवाज करायचा की सौ. म्हणायची, “अहो, गिरणी बंद करा.” शेवटी तो गेला. मुलगा बंगळुरूला असतो. तो म्हणाला, “बाबा, मोबाईल आहे ना, आणखी काय हवं?” मोबाईल आहे. पण दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्या एवढ्याशा पडद्यावर पेपर वाचायचा म्हणजे तांदूळ निवडण्यासारखं होतं. म्हणून १८,००० रुपयांच्या आत बसणारं हे क्रोमबुक घेतलं. मुलाला विचारलं नाही. निवृत्तीनंतर एवढी मोठी वस्तू स्वतः निवडून घेतलेली ही पहिलीच.

हे यंत्र काय करतं ते थोडक्यात सांगतो, कारण बरेच जण मला लिफ्टमध्ये विचारतात. हे जवळजवळ नुसतं ब्राउझर चालवणारं यंत्र आहे. झाकण उघडलं की काही सेकंदांत तयार. माझ्यात पंखा नाही, म्हणजे लॅपटॉपमध्ये हो! त्यामुळे आवाज नाही. सकाळी चार्ज केला की माझ्या वापराला रात्रीपर्यंत पुरतो. आपल्याकडे वीज गेली तरी वाचन चालू राहतं, फक्त इंटरनेटसाठी मोबाईलचा हॉटस्पॉट लावावा लागतो. मेमरी ४ जीबी. पंधरा-वीस टॅब उघडून ठेवले की तो धापा टाकतो, आपण तिसऱ्या मजल्यावर जिना चढून गेल्यावर टाकतो तशा. मी चार-पाचच्या वर टॅब ठेवत नाही. वाचून झालं की बंद. कॅश मोजून झाली की ड्रॉवर बंद करायची जुनी सवय कामी आली.

माझा दिवस असा जातो. सकाळी चहाबरोबर दोन मराठी पेपर. कंट्रोल दाबून अधिकचं चिन्ह दाबलं की अक्षर मोठं होतं. हवं तेवढं करा, पेपर तक्रार करत नाही. दुपारी मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी सुरू केलेलं ते वीस खंडांचं काम आज घरबसल्या फुकट वाचता येतं. नोकरीत असताना हे खंड लायब्ररीच्या कपाटात काचेआड पाहिले होते, हातात घ्यायला वेळ नव्हता. आता रोज एक नोंद वाचतो. काल ‘चुंबकत्व’ वाचलं, निम्मं कळलं. हरकत नाही.

जे जमत नाही तेही सांगतो. दरवर्षी नोव्हेंबरमध्ये आपल्याला हयातीचा दाखला द्यावा लागतो. ‘जीवन प्रमाण’मध्ये चेहरा दाखवून तो देता येतो, पण ते काम मोबाईलवर करावं लागतं. शिवाय विंडोजवर चालणारे जुने प्रोग्रॅम याच्यावर चालत नाहीत. आणि घेताना एक गोष्ट जरूर बघा. या लॅपटॉपना कंपनीकडून अपडेट किती वर्षं मिळणार ते ठरलेलं असतं. अलीकडच्या मॉडेलना दहा वर्षं मिळतात, पण ती मोजली जातात ते मॉडेल बाजारात आल्यापासून, आपण घेतल्यापासून नव्हे. दुकानदार जुनं मॉडेल स्वस्तात देतो, तेव्हा ही तारीख सेटिंगमध्ये उघडून बघा. औषधाच्या बाटलीवर बघतो तशी.

इथपर्यंत सगळं छान. आता जे सांगणार आहे ते या हॉलमध्ये फक्त माझ्या सौभाग्यवतीला माहीत आहे.

लॅपटॉप घेऊन चार महिने झाले होते. घरातला पाण्याचा फिल्टर बिघडला. मी ऐटीत लॅपटॉप उघडला आणि कंपनीचा ग्राहक सेवेचा नंबर शोधला. सर्वांत वर जो नंबर आला, त्यावर फोन केला. वर बारीक अक्षरात ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलं होतं, म्हणजे ती पैसे देऊन लावलेली जाहिरात होती. ते मी वाचलं नाही. पलीकडचा माणूस अतिशय नम्र. “सर, आप चिंता मत कीजिए.” नोंदणीसाठी फक्त दहा रुपये भरा म्हणाला. त्याने आधी एक फाईल पाठवली, ती या लॅपटॉपवर उघडेचना. बिचाऱ्या यंत्राने नकार दिला! मग तो म्हणाला, मोबाईलवर घ्या. मी घेतली. कार्डाचा नंबर टाकला, दहा रुपये भरले. दहा मिनिटांत दोन मेसेज आले. २४,००० आणि ९,५००. एकूण ३३,५०० रुपये गेले.

कार्ड मी लगेच बंद केलं. पण पुढचं काहीच केलं नाही. तोंड धुतलं आणि सौ.ला सांगितलं, “मेकॅनिक उद्या येतोय.”

का सांगितलं नाही? ते सांगण्यासाठी तुम्हाला माझ्या शाखेत नेतो. एक निवृत्त शिक्षक आमचे खातेदार होते. त्यांनी एकदा कोऱ्या विड्रॉल स्लिपवर सही करून ती नातेवाइकाच्या हातात दिली आणि पैसे गेले. ते काउंटरवर आले तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, “गुरुजी, शिकलेले असून असं कसं केलंत?” ते काहीच बोलले नाहीत. छत्री उचलली आणि गेले. मला त्या वेळी वाटलं, मी माझं काम केलं. त्या दिवशी मोबाईल हातात धरून मी पलंगावर बसलो होतो आणि माझ्याच आवाजात ते वाक्य मला ऐकू येत होतं. शिकलेले असून. त्यात बँकेत अडतीस वर्षं काढलेली.

तीन दिवस गेले. मेकॅनिक काही आला नाही. तिसऱ्या दिवशी तिने सरळ विचारलं, तेव्हा सांगितलं. ती म्हणाली, “पैसे गेले ते गेले. तीन दिवस तुम्ही धड जेवला नाहीत. मला वाटलं, डॉक्टरांनी मला न सांगण्यासारखं काही सांगितलंय.” तिनेच मला बँकेत नेलं. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने मला एका शब्दाने दुखावलं नाही. एवढंच म्हणाला, “सर, लगेच १९३० ला फोन केला असतात, तर कदाचित अडवता आले असते.” १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर. तक्रार नोंदली की ती संबंधित बँकांकडे जाते आणि पैसे ज्या खात्यात गेले तिथेच ते थांबवण्याचा प्रयत्न होतो. पण चोर ते पुढच्या खात्यांत भराभर फिरवतो. म्हणून पहिले काही तास मोलाचे. माझे तीन दिवस लाजेत गेले. पैसे परत आले नाहीत.

मग लॅपटॉप कपाटात गेला. मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्ही राहू द्या. बिलं वगैरे मी इथून करत जाईन.” प्रेमानेच म्हणाला. पण दोन महिन्यांत माझी गत अशी झाली, की विजेचं बिल भरलं का हे विचारायलाही रात्री नऊनंतर, त्याची मीटिंग संपल्यावर, फोन करायचा. पेन्शन माझी, खातं माझं, आणि विचारायचं मी.

कपाट उघडलं ते सौ.ने. तिच्या माहेरची रत्नागिरी जिल्ह्यात थोडी जमीन आहे. वडील गेल्यावर वारसांत आपलं नाव लागलं की नाही, हे तिला कधीचं बघायचं होतं. भावाला विचारायला संकोच. मला म्हणाली, “ते यंत्र काढा आणि माझा सातबारा दाखवा.” मी म्हटलं, मुलाला सांगू. ती म्हणाली, “नको. तुम्ही काढा, मी शेजारी बसते.”

बसलो दोघं. भूलेखची साइट उघडली. कोकण विभाग, जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर. खाली वेडीवाकडी अक्षरं ओळखून टाकायची असतात, ती दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा सातबारा उघडला. अक्षर मोठं केलं. भावांच्या नावांखाली तिचं नाव होतं, माहेरच्या नावासकट. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “हे छापून मिळतं का?” डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. पैसे भरायची वेळ आली तेव्हा माझा हात थांबला. तिने चष्मा लावला, वरचा पत्ता एकेक अक्षर वाचला, आणि म्हणाली, “सरकारचंच आहे. भरा.”

त्या दिवसापासून आमच्या घरचा नियम झाला. पैशाचं काम दोघांनी मिळून करायचं. बँकेत आम्ही चेक पास करताना स्पेसिमन सही काढून ताडून बघायचो, तसा वरचा पत्ता ताडायचा. सरकारी साइटचा पत्ता ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ने संपतो. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सर्व बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर यायला सांगितलं, ते आपल्यासाठी फार चांगलं झालं. पण नीट बघा, हे शब्द पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी हवेत. सुरुवातीला बँकेचं नाव कुणीही लिहू शकतो. शेजारी कुलूप दिसलं म्हणून माणूस प्रामाणिक ठरत नाही. आणि दुरुस्तीवाल्याचा नंबर शोधू नका. बिलावर, वॉरंटी कार्डावर किंवा वस्तूच्या मागे छापलेला असतो. बँकेचा नंबर कार्डाच्या मागेच असतो.

आता दोन विनंत्या करतो आणि बसतो.

पहिली. आपल्या सोसायटीत ३६ घरं आहेत, त्यांतल्या निम्म्या घरांत आपल्यासारखे दोघंच राहतात. ज्यांना शिकायचंय त्यांच्यासाठी मी दर शनिवारी चार ते पाच सोसायटीच्या ऑफिसात हा लॅपटॉप घेऊन बसेन. त्यात ‘गेस्ट’ म्हणून उघडायची सोय आहे, काम झालं की तुमचं काही मागे राहत नाही. फी नाही, चहा मात्र आपापल्या घरून आणा.

दुसरी जास्त महत्त्वाची. उद्या आपल्यातलं कुणी फसलं, तर आधी १९३० ला फोन करा आणि मग घरी सांगा. रात्री बारा वाजता माझी बेल वाजवलीत तरी चालेल. आणि ज्यांना कुणी सांगेल त्यांनी, मुलांनी, सुनांनी, शेजाऱ्यांनी, एक वाक्य कृपा करून बोलू नये. “शिकलेले असून” असं म्हणू नये. ते वाक्य मी एकदा बोललो आहे. गुरुजींची माफी मागायची राहून गेली, ती आज तुमच्यासमोर मागतो.

फिल्टर आता व्यवस्थित चालतोय. नंबर वॉरंटी कार्डावर होता.