आवाज किती, आणि कुठून?

चाकणच्या कारखान्यात होणारी महिंद्रची 'बीई ६' ही विजेची मोटार २०२४ च्या नोव्हेंबरात लोकांपुढे आली. तिच्या एका प्रकारात १६ स्पीकर आहेत! समजा, 'डावीकडून, मागून वाहन येतंय' अशी सूचना आवाजानंच द्यायची आहे. मग आज्ञावली लिहिणाऱ्यानं स्पीकरचे नंबर घोकायचे का? दुसऱ्या गाडीत आठच निघाले, की सगळं लिखाण पुन्हा. म्हणून डॉल्बी ॲटमॉससारख्या पद्धतीत आवाजाबरोबर त्याची जागा सांगतात; कोणत्या स्पीकरनं किती बोलायचं ते यंत्र ठरवतं. गाडीवानाला आपण 'देवळापाशी थांब' म्हणतो, बैलांची पावलं मोजून देत नाही, तसंच हे.

आवाज लहानमोठा करणं मात्र वाटतं तितकं सोपं नाही. स्पीकरचा विद्युत्‌दाब निम्मा केला तर आवाज ६ डेसिबल उतरतो. कानाला तो निम्मा वाटायला सुमारे १० उतरावे लागतात. तेव्हा बटणावरच्या खुणा कानाच्या मापानं आखाव्यात.

आणि गुरुजी, मुलाचे डोळे बांधून बाजूला टाळी वाजवा. एका कानाशी ती फार तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाइतकी आधी पोचते, तरी पोरगं दिशा बरोबर सांगतं. मग अगदी नाकासमोर किंवा थेट पाठीमागे वाजवा, आणि डोकं न हलवता सांगायला लावा. आता कितीजण चुकतात, बघा!