साखरेच्या पिशवीवर जे छापलेलं नसतं



पहिला पगार झाला की तुम्हा स्नातकांपैकी बरेचजण घरी पेढे नेतील. त्या पेढ्यांतल्या साखरेबद्दल मला आज बोलायचं आहे.

वाण्याकडची किलोभर साखरेची पिशवी उलटून पाहा. वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, सगळं छापलेलं असतं, कारण कायदा तसं सांगतो. ऊस कोणी तोडला आणि त्यांच्या हातात काय पडलं, हे मात्र कुठेच नसतं.

दसरा-दिवाळी झाली की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून आधीच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. ती फिटेपर्यंत पाय निघत नाही. पहाटेच्या थंडीत तो ऊस तोडतो, ती पाचट काढून मोळी बांधते आणि डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढते. एक दिवस अंग मोडून पडली, तर खाडा धरतात. मजुरी बुडते आणि वर दंड बसतो. फडात ना पुरेसं पाणी, ना आडोसा. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या, आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या अहवालात बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी नोंदली आहे. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. हा आकडा वाचून पुढच्या ओळीवर जाणं मला अजून जमत नाही.

साखर सोडा, असं मी सांगणार नाही. त्याऐवजी गूळ घेतलात, तरी गुऱ्हाळाचा ऊसही कोणीतरी तोडलेलाच असतो. ‘सेंद्रिय’ लिहिलेली महागडी पिशवी घेतलीत तर जमिनीत कुठलं खत गेलं ते कळेल. मजुरीचं काही कळणार नाही. शिवाय देशातल्या साखरेचा मोठा भाग मिठाई, बिस्किटं आणि शीतपेयं बनवणारे घेतात. दुकानात उभ्या असलेल्या एकट्या ग्राहकाची ताकद तोकडी आहे, हे मान्य करूनच पुढचं बोलू.

पण ग्राहक एकत्र येऊन विचारतात तेव्हा काय होतं, त्याचं एक उदाहरण आहे. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावर इथे कपडे शिवणारे कारखाने असलेली राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसं गेली. भिंतींना तडे गेल्याचं आदल्या दिवशीच दिसलं होतं. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं बंद राहिली, शिलाई कामगारांना मात्र कामावर बोलावलं गेलं. पुढे दोनशेहून अधिक ब्रँडनी कामगार संघटनांबरोबर कायद्याने बांधून घेणारा सुरक्षा करार केला. त्यामागे कामगारांचा लढा होता, आणि आपले कपडे कुठे शिवले जातात असं जाहीरपणे विचारणारे देशोदेशीचे ग्राहकही होते. तो प्रश्न ब्रँडना टाळता आला नाही.

तुमच्यातले काहीजण उद्या एखाद्या कंपनीच्या खरेदी विभागात बसतील. तिथे एका सहीवर टनांनी साखर येते. पुरवठादाराकडून तोडणी मजुरांची नोंद, विमा आणि पाणी-शौचालयाची सोय यांचा कागद मागा. साखरेच्या प्रतीचा दाखला आपण मागतोच ना?

आणि ज्यांच्या घरात सहकारी कारखान्याचा शेअर आहे, ते तर निव्वळ ग्राहकही नाहीत, मालक आहेत. १९५० साली प्रवरानगरला शेतकरी नेते विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी उभं केलेलं सहकारी साखर कारखान्याचं काम शेतकऱ्याला मालक करण्यासाठीच होतं. मजूर मुकादमाचे आहेत, आमचे नाहीत, असं उत्तर कारखान्याकडून मिळेल. पण तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्याच ऊसबिलातून वजा होतो, तेव्हा त्याचा हिशेब मागणं हा सभासदाचा हक्क आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेला वडिलांबरोबर, आईबरोबर जा. अहवाल पुढे येईल तेव्हा उठून विचारा: तोडणीच्या या रकमेतून एका कोयत्याला किती मिळाले, आणि गेल्या हंगामात खाड्यापोटी किती कापले?