हिरवा काढून टाकताना

(स्नेहमेळाव्यात १९८९च्या दहावीच्या तुकडीतर्फे केलेले भाषण)



व्हरांड्यात टांगलेल्या फोटोंबद्दल दोन शब्द बोल, असा मला हुकूम झाला आहे. सकाळपासून मला एकच प्रश्न येतोय, "हे फोटो काढलेस तरी कधी? आपल्या गावात पाऊस पडायचा थांबला की काय?"

फोटो गेल्या १५ ऑगस्टचे आहेत. झेंडावंदनाला आपण १४ जण आलो होतो. कोकणातला ऑगस्ट तो! मैदान हिरवंगार, कौलांवर शेवाळ, चिऱ्याच्या गडग्यालासुद्धा नेचे फुटलेले. पण घरी संगणकावर बघताना मला ती आपली शाळा वाटेना. माझ्या डोक्यातली शाळा मार्चमधली आहे. वार्षिक परीक्षा, वाळलेलं गवत, खो-खोच्या मैदानाची लाल धूळ.

तेव्हा मला कोएन बंधूंचा २००० सालचा 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' हा सिनेमा आठवला. गोष्ट मंदीच्या काळातल्या मिसिसिपीची. त्यांना हवा होता जुन्या, हाताने रंगवलेल्या चित्रासारखा सुका, धुळकट रंग. आणि चित्रीकरण ऐन उन्हाळ्यात, जेव्हा तिकडे गर्द हिरवळ असते. छायाचित्रकार रॉजर डीकिन्स यांनी आधी फिल्म धुण्याच्या रसायनांचे प्रयोग करून पाहिले. पण रसायन एकट्या हिरव्याला पकडत नाही, सगळ्याच रंगांवर चालतं. शेवटी अख्खा सिनेमा स्कॅन करून संगणकात घेतला आणि झाडापानांचा हिरवा गवती पिवळा करून टाकला. आज सर्रास असंच करतात, तेव्हा ते नवल होतं.

म्हटलं, आपणही करू. लाइटरूममध्ये आठ रंगांच्या पट्ट्या असतात. हिरव्याची पट्टी पिवळ्याकडे ओढली, तर गवत जेमतेम हललं. कारण आपण ज्याला हिरवं गवत म्हणतो, त्यात कॅमेऱ्याच्या हिशेबी पिवळा भरपूर असतो. मग पिवळ्याची पट्टी नारिंगीकडे सरकवली, रंगाचा जोर कमी केला. गवत वाळलं! पण तुम्ही सगळे विटकरी झालात. माणसाची कातडी, गोरी असो की सावळी, त्याच नारिंगी-पिवळ्याच्या घरात राहते. मग प्रत्येक चेहरा वेगळा निवडून झाकायचा आणि बाकीचा फोटो बदलायचा. २२ फोटो, दोन रात्री. (मधल्या बाकावरच्या मंडळींनी केस रंगवल्यामुळे वेगळीच अडचण झाली, ती इथे सांगत नाही.) एक गोष्ट मात्र जमली नाही. मार्चच्या उन्हात सावली काळी, धारदार पडते. ढगाळ दिवसाला सावलीच नसते. ती पट्ट्या सरकवून येत नाही. म्हणून ते फोटो जरा स्वप्नातल्यासारखे दिसतात.

छापायला देण्याआधी बायकोला दाखवले. ती म्हणाली, "सगळं छान आहे, पण झेंडा बघितलास का?"

तिरंग्याचा खालचा पट्टा गवताबरोबर वाळून गेला होता. दोन रात्री मी चेहरे सांभाळत बसलो आणि झेंड्याकडे पाहिलंच नाही. तो नीट करताना आणखी दिसलं. एका मैत्रिणीच्या हिरव्या बांगड्या मातकट झाल्या होत्या. ते सगळं पुन्हा निवडून जागेवर आणलं.

आणि मग ऑक्टोबरात आपले पीटीचे सर गेले.

त्यांच्या मुलीचा फोन आला, बाबांचा त्या दिवशीचा फोटो आहे का म्हणून. माझ्याकडे दोन होते. एक वाळलेल्या मैदानातला, आपल्या आठवणीतल्या सरांसारखा. दुसरा जसा निघाला तसा. मी बराच वेळ दोन्ही शेजारी ठेवून बसलो. आपला मार्च तिला काय माहीत? तिचे बाबा ७९व्या वर्षी भर पावसात, कुणाचं न ऐकता, मैदानात उभे राहिले होते. ते गवत वाळवलं असतं, तर ते तिथे कशाला उभे होते हेच कळलं नसतं. तिला मी तो ओला फोटो दिला.

व्हरांड्याच्या टोकाला एकच चौकट हिरवी आहे, ती हीच. सरांच्या टोपीच्या कडेवरून पाणी गळतंय आणि हात सलामीला आहे. चहाला जाताना तिथे जरा थांबा. बाकीच्या २१ फोटोंच्या मूळ प्रती माझ्याकडे पेनड्राइव्हवर आहेत. ज्यांना पावसातली शाळा हवी असेल, त्यांनी जेवणानंतर मला गाठावं.