साबुदाण्याच्या खिरीत ताकद कोणाची?



कापसाच्या भावाचे बोलणे आपल्या सभेत नेहमीच होते. आज आम्ही चुलीजवळची गोष्ट काढणार आहोत. मूल आजारी पडले, म्हातारे माणूस अंथरुणाला खिळले, की आपल्या घरात साबुदाण्याची खीर शिजते. 'पचायला हलकी आणि ताकद देणारी' असे आपण म्हणतो. यातले पहिले खरे आहे. दुसऱ्याचा हिशेब आज करू.

साबुदाणा कणसात भरत नाही. तो मुख्यतः तामिळनाडूत, सेलमच्या बाजूला, शाबूकंदापासून बनतो. कंद सोलायचा, दळायचा, पाण्यात धुऊन गाळायचा. तळाशी पांढरा गाळ बसतो, तो निव्वळ स्टार्च. त्याचे गोल दाणे करून भाजायचे, वाळवायचे. कंदात प्रथिने मुळातच थोडी. असतात तीही बहुतेक धुण्यात जातात.

आता हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे तक्ते पाहा. १०० ग्रॅम साबुदाण्यात सुमारे ३५० कॅलरी, ८७ ग्रॅम स्टार्च आणि प्रथिने फक्त ०.२ ग्रॅम. आपल्या १०० ग्रॅम ज्वारीत कॅलरी जवळपास तेवढ्याच, पण प्रथिने सुमारे १० ग्रॅम, तंतूही सुमारे १० ग्रॅम आणि लोह साबुदाण्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे साबुदाणा हे चुलीतले सरपण आहे. सरपणाने आच लागते, भिंत बांधली जात नाही. मुलाचे अंग प्रथिनांनी बांधले जाते.

मग खीर खाऊन बरे वाटते ते कशाने? दूध असेल तर दुधाने. उपासाच्या खिचडीतही तेच. १०० ग्रॅम साबुदाण्यात ५० ग्रॅम शेंगदाण्याचा कूट घातला, तर त्या खिचडीत १२ ग्रॅमच्या आसपास प्रथिने येतात. जवळजवळ सगळी शेंगदाण्याची. नाव मात्र साबुदाण्याचे!

दूध महाग म्हणून पाणी आणि साखर घालून केलेली खीर बाळाला भरवतो, तेव्हा त्याचे पोट भरते, अंग भरत नाही. कुपोषणाच्या बातम्यांत आपल्या नंदुरबारचे नाव वारंवार येते. ज्वारी पिकवणाऱ्याच्या घरात असे होणे आपल्याला शोभत नाही. दादर बाजारात विकायची आणि त्याच पैशातून साबुदाणा आणून लेकराला घालायचा, हा व्यवहार तोट्याचा आहे. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधाबरोबर ज्वारीच्या पिठाची मऊ लापशी द्या. तिच्यात भाजलेल्या मूगडाळीचे पीठ आणि थोडे तेल किंवा तूप घाला.

मायबहिणींनो, नवरात्रात कापूस वेचणीचे दिवस येतात. नऊ दिवस उपास आणि दिवसभर पाठ वाकलेली. तुमचा उपास मोडा असे आम्ही म्हणत नाही. पण उपासाला भगरही चालते, राजगिराही चालतो. दोन्हींत साबुदाण्यापेक्षा कितीतरी पटीने प्रथिने आहेत. भगर तर सातपुड्यातले आपलेच भाऊ पिकवतात. साबुदाणा करायचाच, तर कूट हात राखून घालू नका आणि वाटीभर दही घ्या. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी साबुदाणा बेतानेच खावा, कारण त्याने रक्तातली साखर लवकर चढते.

सेलमचा कंद पिकवणाराही आपल्यासारखाच शेतकरी आहे. त्याच्याशी आपले भांडण नाही. साबुदाणा विषही नाही. आजाऱ्याच्या पोटात काही टिकत नसेल तेव्हा तो उपयोगी पडतो. भांडण आपल्याच समजुतीशी आहे. पांढरे ते चांगले आणि घरचे ते हलके, असे आपण मानून बसलो.

म्हणून यंदा दादर निघाली की एवढेच करा: वर्षाचे पोते आधी घरच्या कोठीत, उरलेले बाजारात.